डाळिंबावरचा डाग

भाद्रपद सरता सरता दिल्लीच्या आझादपूर मंडईत फळांचा मोठा दरबार भरतो. काश्मीर आणि हिमाचलातून उतरलेली सफरचंदे आणि नासपती एका बाजूला रचलेली असतात आणि त्यांच्या शेजारी, सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांतून बाराशे-पंधराशे किलोमीटरांचा प्रवास करून आलेली आपली डाळिंबे. नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे दिल्लीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला परमुलखात गावाकडचा कोणी भेटावा तसा आनंद त्यांच्या दर्शनाने होतो. परंतु तेथला जाणता आडत्या डाळिंब हातात घेतो तेव्हा तो आधी त्याचा रंग पाहत नाही. ते बोटांत धरून तो सावकाश फिरवतो. तो एक डाग शोधत असतो: काळपट, तेलकट झाक असलेला आणि मधोमध चिरलेला. असा डाग आढळला की पेटीचा भाव तेथल्या तेथे उतरतो. दाणे आतून गोड असोत की नसोत, त्यांची साक्ष कोणी घेत नाही.

या डागाला आपला शेतकरी ‘तेल्या’ म्हणतो. शास्त्रज्ञ त्याला जिवाणूजन्य करपा म्हणतात. तो कसा ओळखावा आणि त्याला कसा आवर घालावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय केवळ बागायतदारांचा आहे असे श्रोत्यांनी मानू नये. जी गोष्ट वेळीच बोलली न गेल्याने गावेच्या गावे उजाड झाली, ती आपणां सर्वांच्याच विचाराची आहे.

झाडांनाही जिवाणूंपासून रोग होतो, हे ज्ञान फार जुने नाही. ते प्रथम मिळाले तेच मुळी सफरचंद आणि नासपतीच्या बागांत. १७८० च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीच्या खोऱ्यात, एक चमत्कारिक रोग दिसू लागला. बहरलेले झाड काही दिवसांतच आगीने होरपळल्यासारखे काळे पडे. कोवळा शेंडा मेंढपाळाच्या काठीसारखा वाकून लोंबे. पाने जळाल्यासारखी दिसत, परंतु गळून पडत नसत. लोकांनी त्याला ‘अग्निकरपा’ अशा अर्थाचे नाव दिले. कोणी विजेला दोष दिला, कोणी जमिनीला, कोणी हवेला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १८७८ नंतरच्या चार-पाच वर्षांत, इलिनॉय येथील टॉमस बरिल या प्राध्यापकाने रोगट सालीतून पाझरणारा चिकट रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात असंख्य जिवाणू वळवळत होते. तो रस निरोगी झाडाला टोचताच त्या झाडालाही तोच रोग झाला. जनावरांना आणि माणसांना जिवाणूंपासून रोग होतात, हे त्याच काळात पाश्चर आणि कॉख सिद्ध करीत होते. परंतु झाडांचेही तसेच असेल हे युरोपातील काही नामांकित पंडितांना पुढे कित्येक वर्षे पटले नाही. १८९१ मध्ये मर्टन वेट या संशोधकाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. या फुलावरचा रोग त्या फुलावर नेणारी दुसरीतिसरी कोणी नसून मधमाशीच होती. जी फळ धरविते तीच रोगही पोहोचविते! निसर्गाच्या व्यवहारात उपकार आणि अपकार असे एकाच पंखावर बसलेले असतात. परदेशातून सफरचंद-नासपतीची कलमे येतात तेव्हा आपले वनस्पती-संगरोध खाते ज्या रोगांसाठी ती तपासते, त्यांत हा अग्निकरपा प्रमुख आहे.

आपल्या डाळिंबाचा तेल्या हा या अग्निकरप्याचा सख्खा भाऊ नव्हे. त्याचा जिवाणू निराळ्या कुळातला, झँथोमोनास या नावाचा आहे. परंतु दोघांची चाल एकच. या झँथोमोनास कुळाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. १९४० नंतरच्या दशकात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्याकडील अनेक पिकांवरील याच कुळातील जिवाणू शोधून त्यांची वर्णने केली. तेल्याची पहिली नोंद मात्र झाली ती येथे, दिल्लीत. १९५२ साली हिंगोरानी आणि मेहता या संशोधकांनी डाळिंबाच्या पानांवरील ठिपके जिवाणूंमुळे येतात हे प्रसिद्ध केले आणि १९५९ मध्ये त्या जिवाणूचे नामकरणही झाले. त्या काळी हा रोग किरकोळ समजला जाई. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला अशा टिपणांची सवय असते. टिपण अचूक असते, त्यावर तारीख असते, सही असते. फक्त ते उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटण्यापूर्वी पन्नास वर्षे निघून जातात.

त्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागाचे रूप पालटले. डाळिंब हे कमी पाण्यावर तग धरणारे, हलक्या मुरमाड जमिनीतही रुजणारे झाड. १९९० साली रोजगार हमी योजनेची जोड देऊन राज्याने फळबागांची योजना आणली, पाठोपाठ ठिबक सिंचन आले, आणि सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या तालुक्यांतील माळरानांवर डाळिंबाच्या ओळी उभ्या राहिल्या. आधी ‘गणेश’, मग ‘आरक्ता’, ‘मृदुला’ आणि त्यानंतर ‘भगवा’ अशी एकाहून एक देखणी वाणे आली. ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला जात, त्या घरांवर स्लॅब पडले आणि मुले शिकावयास शहरात गेली. मात्र या भरभराटीतच संकटाचे बीज होते. बांधाला बांध लागून एकाच जातीच्या बागा, आणि त्या सर्व थोड्या मातृवृक्षांच्या गुटी कलमांपासून वाढलेल्या! एका झाडाला जे बाधते ते सर्वांनाच बाधणार. कर्नाटकात १९९० नंतरच्या दशकात हा रोग उग्र झाला आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तो महाराष्ट्रभर पसरला. डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात स्थापन झाले. त्यापुढे जे मोठे प्रश्न होते, त्यांत तेल्या अग्रभागी होता.

माझ्या मामांची बाग सांगोला तालुक्यात होती. २००७ च्या पावसाळ्यात त्यांना काही पानांवर ठिपके दिसले. त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. बागेला रोग लागला ही गोष्ट त्या काळी घरातल्या दुखण्यासारखी लपवली जाई. व्यापारी फिरकणार नाही, सोयरिकीत बोल लागेल, ही भीती. त्याच हंगामात छाटणी करणारी टोळी मामांच्या बागेतून त्याच कात्र्या घेऊन शेजारच्या बागेत गेली आणि तेथून पलीकडच्या. दोन वर्षांत त्या शिवारातील बहुतेक बागा उपटल्या गेल्या. उपटलेली झाडे बांधावर जळत असताना मामा मला म्हणाले होते, “ज्या दिवशी डाग दिसला, त्याच दिवशी बांधावर जाऊन सांगायला पाहिजे होतं.” त्या वाक्याने मला या विषयाकडे वळविले.

आता हा डाग ओळखावा कसा? पानावर प्रथम टाचणीच्या टोकाएवढा, पाण्यात भिजल्यासारखा ठिपका दिसतो. पान उजेडासमोर धरले असता तो ठिपका तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक भासतो; ‘तेल्या’ हे नाव त्यावरूनच पडले. काही दिवसांनी तो तपकिरी-काळा होतो आणि त्याच्याभोवती पिवळसर वलय येते. ठिपके एकमेकांत मिसळले की पान पिवळे पडून गळते. फांदीवर, विशेषतः पेऱ्यापाशी, काळपट चट्टा पडून साल चिरते. चट्ट्याने फांदीला पूर्ण वेढा घातला की ती त्याच जागी मोडते. फळावरचा डाग काळा आणि तेलकट असतो, आणि त्यावर इंग्रजी एल किंवा वाय या अक्षरांसारख्या वा ताऱ्यासारख्या चिरा पडतात. पुढे सबंध फळ तडकते. डागावर कधी कधी पांढुरका, चकाकणारा पापुद्रा दिसतो. तो वाळलेल्या जिवाणूंचा थर होय.

प्रत्येक डाग म्हणजे तेल्या नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बुरशीचेही ठिपके असतात. ते बहुधा कोरडे असतात, आणि उजेडासमोर धरले असता त्यांत तेलकट पारदर्शकता दिसत नाही. उन्हाने भाजलेल्या फळावर केवळ सूर्याकडील बाजूस तपकिरी पट्टा येतो. सबंध झाड पिवळे पडून वाळत गेले तर तो ‘मर’ रोग असू शकतो, आणि त्याचे मूळ जमिनीत असते. हा भेद न करता केलेली फवारणी म्हणजे तापाचे निदान न करता दिलेली मात्रा. शंका असेल तेव्हा एक सोपी परीक्षा आहे. ठिपक्याच्या कडेचा ताजा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. रोग जिवाणूंचा असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा, दुधट लोट बाहेर पडताना दिसतो. हे लक्षावधी जिवाणू होत. ही परीक्षा कृषी महाविद्यालयात वा कृषी विज्ञान केंद्रात काही मिनिटांत होते. त्याहून नेमके निदान हवे असेल तर जिवाणूच्या जनुकाचा विशिष्ट अंश ओळखणारी चाचणीही आता उपलब्ध आहे. डाग दिसण्यापूर्वीच कलमांतील रोग हुडकण्यासाठी तिचे मोल फार मोठे आहे.

शत्रूला ओळखल्यावर त्याच्या वाटा पाहू. हा जिवाणू पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो. त्याला ऊब आवडते, ओलावा आवडतो. ढगाळ, दमट हवा आणि अधूनमधून पडणारा वाऱ्याचा पाऊस म्हणजे त्याचा सणच. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटला की त्याचे तुषार शेजारच्या झाडावर उडतात. गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरील चट्ट्यांत तो कित्येक महिने तग धरून पुढच्या पावसाची वाट पाहतो. तथापि पाऊस त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो. या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात त्याला नेणारा माणूसच असतो. रोगट झाडावर बांधलेली गुटी वरून निरोगी दिसते, तिच्या पेऱ्यात तो दडून बसतो आणि ट्रकमधून शेकडो कोस जातो. म्हणून नवी लागवड करताना कलम कोणत्या झाडाचे आहे, ती बाग रोगमुक्त आहे काय, हे स्वतः जाऊन पाहणे ही पहिली फवारणी समजावी. स्वस्त कलमासारखी महाग वस्तू दुसरी नाही.

यावर उपाय काय? प्रारंभीच एक कटू सत्य सांगितले पाहिजे. झाडात शिरलेल्या या जिवाणूला समूळ मारील असे औषध नाही. जे काही करता येते ते त्याची संख्या घटविणे आणि त्याच्या वाटा अडविणे हेच. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम विश्रांती आणि बहार यांची निवड. डाळिंबाला वर्षातून तीन वेळा फूल येऊ शकते. मृग बहाराची फळे भर पावसात पोसतात. म्हणून तेल्याची झळ त्यालाच सर्वांत अधिक लागते. आंबे बहाराच्या फळांना शेवटी शेवटी पाऊस गाठतो. हस्त बहाराची फळे मात्र हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाढतात. रोगग्रस्त भागात हस्त बहार धरावा असा तज्ज्ञांचा सल्ला असतो तो याच कारणाने. त्यातही अडचण आहे: पावसाळ्यात जमीन ओली असल्याने झाडाला हवा तसा ताण बसत नाही आणि फळे पोसताना उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी पुरवावे लागते. प्रत्येकाने आपली जमीन आणि आपली विहीर पाहूनच हा हिशेब करावा. मात्र कोणताही बहार धरला तरी झाडाला तीन-चार महिन्यांची विश्रांती दिलीच पाहिजे. बारमाही फळ मागणाऱ्या मालकाचे झाड थकते, आणि थकलेल्या झाडाला रोग चटकन गाठतो.

दुसरी गोष्ट छाटणी आणि स्वच्छता. रोगट फांदी चट्ट्याच्या खाली दोन इंच निरोगी भाग घेऊन कापावी. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यामुळेच टाळले जाते. माझ्या मामांच्या शिवाराची राख याच एका टाळाटाळीने झाली. कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो मलम लावावे. कापलेल्या फांद्या, गळलेली पाने आणि तडकलेली फळे वेचून जाळावी किंवा खोल पुरावी. ती बांधावर टाकणे म्हणजे चोराला ओसरीवर निजविणे होय. त्यानंतर झाडाखालच्या जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे द्रावण शिंपडावे.

तिसरी गोष्ट बोर्डो मिश्रण. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्डो परगण्यात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी हात टाकू नये म्हणून बागायतदार मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडीत. १८८२ च्या सुमारास मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले की, ज्या वेलींवर हे पाणी पडले होते, त्यांना केवडा रोग झाला नव्हता. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला. आज एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मोरचूद आणि चुना निरनिराळ्या भांड्यांत, लाकडाच्या वा प्लॅस्टिकच्या, विरघळवावा. लोखंडी भांडे वापरू नये. मग ती द्रावणे ढवळत ढवळत एकत्र करावी आणि गाळून घ्यावी. मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सुरीचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. हे मिश्रण ज्या दिवशी करावे त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण निरुपयोगी असते.

शेवटी प्रतिजैविके. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण आपल्याकडे स्ट्रेप्टोसायक्लिन या नावाने अनेक वर्षे डाळिंबावर फवारले गेले. पहिल्याने गुण आला; म्हणून मात्रा वाढली, फेऱ्या वाढल्या. परंतु अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नासपतीच्या बागांत १९७१ मध्येच असे दिसून आले होते की, अग्निकरप्याचे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले. जे तेथे झाले ते येथे होणार नाही असे कोण म्हणेल? शिवाय स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचे औषध. रानात उधळलेल्या औषधाने निगरगट्ट झालेल्या जिवाणूंची किंमत उद्या दवाखान्यात मोजावी लागेल. हा विचार करूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या औषधांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हा दुकानदाराच्या शिफारशीवर विसंबून न राहता कृषी विद्यापीठाची अथवा सोलापूरच्या केंद्राची त्या त्या वर्षाची शिफारस विचारूनच फवारणी करावी.

श्रोतेहो, या सर्व उपायांत एक उपाय असा आहे की त्याला पैसा लागत नाही, आणि तोच सर्वांत दुर्मिळ आहे. तो म्हणजे सांगणे. एकट्याने कितीही काळजी घेतली तरी शेजारची बाग रोगट असेल तर पावसाचा एक झपाटा त्या काळजीवर पाणी फिरवितो. बांध माणसांनी घातलेला असतो. तो जिवाणूला ठाऊक नसतो. म्हणून तेल्याचे नियंत्रण एका बागेचे होऊ शकत नाही, ते शिवाराचे व्हावे लागते. एकाच वेळी विश्रांती, एकाच वेळी छाटणी, एकाच वेळी स्वच्छता असे वेळापत्रक गावाने मिळून ठरविले, तर जिवाणूला लपावयास जागा उरत नाही. ग्रामसभेत पाण्यावर चर्चा होते, रस्त्यावर होते. ‘माझ्या बागेत डाग दिसला आहे’ असे उभे राहून सांगणाऱ्याला ज्या दिवशी गाव हसणार नाही, उलट त्याचे आभार मानील, त्या दिवशी निम्मे काम झाले असे समजावे.

मामांनी पुढे सहा वर्षे त्या जमिनीत ज्वारी घेतली. त्यानंतर त्यांनी पुन्हा थोडी डाळिंबे लावली. कलमांची बाग दोनदा स्वतः पाहून आले, कात्री स्वतःची घेतली आणि हायपोक्लोराइटची बादली छाटणीच्या वेळी हातातून सोडली नाही. परवाच्या पावसाळ्यात त्यांना एका झाडावर चार पानांना ठिपके दिसले. ते पान हातात घेऊन, चिखल तुडवीत, सत्तरी ओलांडलेले मामा आधी शेजारच्या बांधावर गेले आणि मग घरी आले.